गौण

फॉर्मवर दोन चौकटी होत्या.
पहिलीत भूशास्त्र लिहिलं.
दुसरीच्या वर छापलेलं : मायनर.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आटप गं, मागे रांग बघ.
सांख्यिकीच्या जागा भरल्या होत्या,
मी इंग्रजी लिहून टाकलं.

रात्री अण्णांनी झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली.
मायनर म्हणजे?
गौण, म्हटलं. दुय्यम. चार क्रेडिटचं.
ते हसले.
हा शब्द त्यांना पाठ होता,
तहसीलच्या पावतीवर असतो :
गौण खनिज. मुरूम, वाळू, खडी, डबर.
बत्तीस वर्षं गौणच फोडतोय, म्हणाले,
सगळं पुणं त्याच्यावर उभंय.

मंगळवार, गुरुवार, सकाळी सात वीस.
वाघोलीहून पावणेसहाची बस,
खराडीपर्यंत केसांतली धूळ झटकायची
आणि शिवाजीनगरपर्यंत धडा.
मस्करेन्हस मॅडम हजेरी घेताना
माझं नाव नीट उच्चारतात, धोत्रे, रेणुका,
जणू त्यातही एखादं स्पेलिंग असावं.
पुढच्या बाकांवर इंग्रजीचीच मुलं.
मागे आम्ही, कॉमर्स, मायक्रोबायो, एक फिजिक्सवाला,
दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखे,
वाढपी कधी येईल ते बघत.

मला अडलं ते कवितेत नाही.
अडलं दोन टिचभर शब्दांत,
एक अ, एक द.
मराठीत दगड नुसता दगड असतो.
उचलला, फोडला, टाकला,
त्याच्यापुढे कुणी शिपाई उभा नसतो.
इंग्रजी दारातच विचारते :
ओळखीचा, की कुठलाही?

दुपारी लॅबमध्ये बसाल्टचा तुकडा.
लोहोकरे सर म्हणाले, ही पोकळी बघ,
लाव्हा थंडावताना आत अडकलेला बुडबुडा,
तो गेला, जागा राहिली.
मग हजारो वर्षांनी पाणी झिरपलं
आणि त्या रिकाम्यात हे पांढरं उगवलं.
याला म्हणायचं दुय्यम खनिज.
मी जर्नलमध्ये लिहिलं, पेन्सिलने आकृती काढली.
असलाच एक पांढरा फुलोरा आमच्या टीव्हीवर आहे,
खाणीतून रुमालात बांधून आणलेला.
व्यापारी चारशे देत होता,
आईने दिला नाही.

सेमिस्टरच्या निबंधाला विषय होता, माझे वडील.
मी लिहिलं, ते दगड फोडतात.
लिहिलं, एकदा दगड उडाला.
मॅडमनी त्या दगडाभोवती लाल गोल काढला,
बाजूला बारीक अक्षरात प्रश्न :
कोणता दगड?

आता काय सांगायचं.
मी तेव्हा दुसरीत होते.
घरी आल्यावर अण्णांनाच विचारलं,
अभ्यासाचं आहे म्हणून.
ते चहा बशीत ओतत होते.
बशी खाली ठेवली,
डाव्या डोळ्याच्या दुधाळ बुबुळाकडे बोट नेलं,
लावलं नाही.
हा, म्हणाले. हा दगड.
बाकीचे काय, आले नि गेले.

मी वहीत द लिहिला.
इतका छोटा शब्द, आणि लिहायला किती वेळ लागला.
दहापैकी साडेसहा आले,
दोन मार्क नुसते स्पेलिंगचे गेले.
मॅडमनी गोल खोडला नाही,
त्याच्या शेजारी एक बरोबरची खूण केली, हलकी,
पेनातली शाई संपत आल्यासारखी.

अण्णांना अजून शंका होती.
आणि ते दुसरं, अ? ते कुणाला लावायचं?
म्हटलं, जो अजून भेटला नाही त्याला.
असं होय.
त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला,
सुतकीचा दांडा तपासला, पाचर ठोकली.
म्हणजे उद्याच्या सगळ्यांना, म्हणाले.